अनोळखी माणसाचं देणं राहून गेलंय, चौदा वर्षांनी फेडावं का?

पानगळ
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतं वाचत आले, आज स्वतःच्या कामासाठी धागा काढतेय.

घर बदलायचं चाललंय म्हणून माळ्यावरची खोकी खाली काढली. एकात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची वही निघाली आणि तिच्या मागच्या पानावर एका माणसाच्या अक्षरात त्यांचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर. मी तिथेच खोक्यांच्या मधे बसून राहिले.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकवीस वर्षांची, पहिल्या इंटरव्ह्यूला निघालेले, मधे एका मोठ्या स्टँडवर बस बदलायची होती. त्या गर्दीत पर्स गेली. पैसे, फोन सगळं तिच्यात. संध्याकाळ होत आलेली. चौकशीच्या खिडकीपाशी उभी राहून रडत होते, लोक बघत होते आणि पुढे जात होते, त्यांना दोष देत नाही, मीही कदाचित तशीच पुढे गेले असते. एक गृहस्थ थांबले. चाळिशीचे असतील, हातात रंगीत कागदात बांधलेला एक खोका होता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, कुठे जायचंय आणि उतरल्यावर घ्यायला कोण येणार आहे. मग तिकीट काढून दिलं, वर थोडे पैसे दिले, स्वतःच्या फोनवरून माझ्या मावशीला फोन लावून दिला, कंडक्टरला सांगितलं की हिला नीट उतरवा. बस तासभर उशिरा सुटली. तो सगळा वेळ ते माझ्या खिडकीखाली उभे होते. पत्ता द्यायला तयार नव्हते, मी हट्टच धरला तेव्हा वहीत लिहून दिला.

ती नोकरी मिळाली नाही. पुढे वर्षभर कमाई नव्हती. मग नोकरी लागली तेव्हा पुढच्या पगारात नक्की पाठवू असं दोन-तीनदा झालं, आणि मग इतका उशीर झाला की त्या उशिराचीच लाज वाटायला लागली. पहिल्या महिन्यात फोन केला असता तर सोपं होतं, दोन वर्षांनी अवघड, पाच वर्षांनी अशक्य. वही कुठे ठेवली तेही विसरले, की विसरायचंच होतं कोण जाणे.

आता प्रश्न असा की फोन करू का? केला तर काय म्हणू? पैसे परत करते म्हटलं तर त्यांना अपमान वाटेल का? आणि चौदा वर्षांनी नुसती ती रक्कम देणं हे फेडणं आहे का?

खिडकीजवळची_सीट
फोन कर. हा प्रतिसाद वाचून झाला की लगेच.

रातकिडा
+१

साधासरळ
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. त्यांनी पत्ता द्यायला नकार दिला होता हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्यांना परत नकोच होतं. चौदा वर्षांत ते विसरलेही असतील. तुम्ही फोन करून त्यांना अवघडल्यासारखं कराल, 'अहो कशाला, अहो असू दे' हे दहा वेळा म्हणायला लावाल. त्यापेक्षा तसंच कुणीतरी चौकशीच्या खिडकीपाशी उभं दिसेल तेव्हा तुम्ही थांबा. झाली फेड.

ही कल्पना माझी नाही, जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन १७८४ मध्ये फ्रान्समध्ये होता तेव्हा एका अडचणीतल्या माणसाने त्याच्याकडे पैसे मागितले. फ्रँकलिनने दहा लुई दॉर (तिथली सोन्याची नाणी) पाठवले आणि सोबतच्या पत्रात कळवलं की हे दान नाही, उसने देतोय, पण परत मला करायचे नाहीत. तुमचं बस्तान बसलं आणि असाच एखादा प्रामाणिक माणूस अडलेला भेटला की त्याला तेवढे उसने द्या आणि त्यालाही हीच अट घाला. आपल्याजवळ फार पैसे नाहीत, थोड्या पैशात जास्त भलं करायची ही आपली युक्ती आहे, असंही त्याने लिहिलं होतं. मला हे फार पटतं.

उंबरठा
साधासरळ, फ्रँकलिनने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पानगळच्या त्या काकांनी तसं काही सांगितलेलं नाही. घेणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं की मी पुढे देईन, तुम्हाला देत नाही, हे मला पळवाटीसारखं वाटतं. मी ही पळवाट वापरलेली आहे म्हणून बोलतोय.

बारावीच्या परीक्षेला माझं पेन बंद पडलं. शेजारच्या बाकावरच्या मुलाने, दुसऱ्या शाळेचा, नावही माहीत नाही, न बोलता स्वतःचं दुसरं पेन सरकवलं. त्या पेनाला पकडायच्या जागी रबरबँड गुंडाळलेला होता, त्याची सवय असणार. पेपर संपल्यावर मी पेन खिशात घालून बाहेर आलो, मित्रांच्यात घुसलो, पेपर कसा गेला वगैरे, आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर दुसऱ्या खोलीत. मला खोली शोधता आली असती. नाही शोधली. नंतर मी किती जणांना पेनं दिली असतील त्याची गणती नाही, वर्गात पेन नसलेलं पोरगं दिसलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो (मी शिक्षक आहे). पण त्या मुलाला त्याचं रबरबँडवालं पेन काही मिळालं नाही ना. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

शिंपला
उंबरठा, हे वाचून घशात आवंढा आला. ते पेन जपून ठेवा.

तिरपाकडा
सगळे भावुक झालेत तर एक सावधगिरीचा मुद्दा मांडतो. उपकाराची फेड करावीशी वाटणं ही फार जोरदार गोष्ट आहे आणि तिचा फायदा घेणारेही आहेत. डेनिस रीगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन माणसं एका कामाला बसवली, त्यातला एक आतून सामील. तो मधे बाहेर जाऊन येताना न मागता दुसऱ्यासाठी थंड पेयाची बाटली आणायचा. नंतर म्हणायचा, माझी लॉटरीची तिकिटं घेता का. ज्यांना बाटली मिळाली होती त्यांनी बाकीच्यांपेक्षा साधारण दुप्पट तिकिटं घेतली. आणि गंमत म्हणजे तो माणूस आवडला की नाही याचा त्यात फारसा संबंध उरला नाही. नावडत्या माणसाचीही फेड केली लोकांनी!

म्हणून मी फुकट सॅम्पल घेत नाही. म्हणजे पानगळ, तुमच्या मनावरचं हे ओझं खरंच कृतज्ञता आहे की नुसता हिशोब पूर्ण न झाल्याची टोचणी, हे एकदा बघा. टोचणी असेल तर पैसे पाठवून संपेल. कृतज्ञता असेल तर पैशांनी संपणार नाही.

पानगळ
तिरपाकडा, विचार करायला लावलंत. आधी टोचणीच होती असं वाटतं. वही सापडल्यापासून मात्र दुसरंच काहीतरी आहे. आता मी त्यांच्या वयाला पोचत आलेय. एक तास खिडकीखाली उभं राहणं म्हणजे काय हे तेव्हा कळत नव्हतं, तेव्हा वाटायचं मोठ्या माणसांना वेळच असतो.

जुनाजाणता
मी दुसऱ्या बाजूने सांगतो, देणाऱ्याच्या. वय ७१, आयुष्यात अशी लहानसहान मदत केली आहे, तशी सगळेच करतात.

दोन प्रसंग. एकदा प्रवासात एका तरुणाला पैसे दिले होते. चार दिवसांनी तेवढेच पैसे खात्यात जमा, सोबत मेसेज, 'आपला हिशोब पूर्ण, धन्यवाद'. त्याचं काही चुकलं नाही, उलट प्रामाणिक मुलगा. पण मला दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. का ते बायकोला सांगता येईना. तीच म्हणाली, तुम्हाला वाटलं होतं तुम्ही मदत केलीत, त्याने ते कर्ज करून टाकलं.

दुसरा प्रसंग. हॉस्पिटलच्या बाकावर रात्री एक बाई बसलेली, नवरा आत. तिला फॉर्म भरता येत नव्हता, मी भरून दिला, दोन खिडक्या फिरलो तिच्याबरोबर. एवढंच. सात-आठ महिन्यांनी ती आणि तिचा नवरा माझ्या दारात. पत्ता त्या फॉर्मवरूनच, साक्षीदार म्हणून मीच घातला होता. काही आणलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, 'हे बघा, हे चालायला लागले, दाखवायला आणलं.' नवरा अंगणात इकडून तिकडे चालून दाखवत होता. मी आणि बायको दोघंही रडलो.

पानगळ बेटा, देणाऱ्याला पैसे नको असतात असं मी म्हणणार नाही, कुणाला गरज असू शकते. पण त्याच्याजवळ गोष्टीचा अर्धाच भाग असतो. ती मुलगी पोचली का, इंटरव्ह्यूचं काय झालं, हे त्या माणसाने नंतर मनात विचारलं असणारच. ते उत्तर फक्त तुझ्याजवळ आहे. ते दे.

शिंपला
काका _/\_ 'दाखवायला आणलं'... काय बाई असेल ती.

रेघोट्या
जुनाजाणता काकांच्या म्हणण्याला अभ्यासाचाही आधार आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं की तुमच्यावर ज्याचे उपकार आहेत अशा माणसाला मनापासून पत्र लिहा आणि वाचून त्याला कसं वाटेल याचा अंदाज करा. मग पत्र मिळालेल्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की समोरचा अवघडेल, आपली भाषा बरोबर नाही, शब्द नीट जमले नाहीत. मिळालेल्यांना अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी वाटलं आणि आनंद अंदाजापेक्षा जास्त झाला. लिहिणारे शब्दांच्या चिंतेत आणि वाचणाऱ्यांना फक्त जिव्हाळा दिसला, असं काहीसं.

म्हणजे साधासरळ म्हणतात तो 'त्यांना अवघडेल' हा अंदाज आपण सगळेच करतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो.

साधासरळ
मान्य. पण या अभ्यासातले लोक एकमेकांना ओळखत असणार ना? इथे तर नावापलीकडे काही माहीत नाही.

रेघोट्या
हो, तो फरक आहे. त्याच दोघांचा नंतरचा अभ्यास अनोळखी लोकांवरही आहे, त्यात छोटीशी गोष्ट देणाऱ्यांना वाटलं त्यापेक्षा घेणाऱ्यांना ती फार मोठी वाटली. म्हणजे आपण जे दिलं ते 'काय एवढं' वाटतं आणि घेणाऱ्याच्या मनात ते कायमचं राहतं. हा धागाच त्याचा पुरावा आहे म्हणा.

चक्रवाढ
पैसे परत करायचे तर व्याजाचं काय? चौदा वर्षांचं चक्रवाढ लावलं तर काकांना पुढच्या सगळ्या प्रवासाची तिकिटं निघतील! :-)

पानगळ
चक्रवाढ, आयडी शोभून दिसतोय हो तुम्हाला. :-) पण खरंच, त्या आकड्यावर मी कालची रात्र काढली. किती दिले म्हणजे बरोबर, तेच कळेना.

नीलमोहर
पानगळ, बरोबर आकडा नसतोच गं. माझं सांगते.

बाळंतपणात मला खूप रक्तस्राव झाला, चार पिशव्या रक्त द्यावं लागलं. चार वेगवेगळी माणसं. त्यांची नावं कधीच कळणार नाहीत, त्यांनाही माझं नाही. त्यांच्यातलं कुणी रस्त्यात शेजारून गेलं तरी कळणार नाही. बरी झाल्यावर मला त्याचं फार व्हायचं, गर्दीत माणसांचे चेहरे बघत बसायचे. मग डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मीच रक्तदान सुरू केलं. आधी ठरवलं होतं की चार वेळा द्यायचं, म्हणजे फिटलं. चौथ्या वेळी बाहेर आले तेव्हा लक्षात आलं की आता मोजायचंच नाहीये.

ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन ऐकलेत का? १९५१ मध्ये, चौदा वर्षांचे असताना, छातीचं मोठं ऑपरेशन झालं, अनोळखी लोकांच्या रक्तावर जगले. तिथेच ठरवलं की वय भरलं की आपणही द्यायचं. अठराव्या वर्षी सुरुवात केली. पुढे कळलं की त्यांच्या प्लाझ्मात एक दुर्मिळ प्रतिपिंड आहे, त्यापासून आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या आयांना द्यायचं अँटी-डी इंजेक्शन बनतं, ज्यामुळे पोटातलं बाळ वाचतं. एक्क्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत देत राहिले, ११७३ वेळा. तिथल्या रेड क्रॉसच्या अंदाजाने सुमारे २४ लाख बाळांना त्याचा उपयोग झाला. २०२५ मध्ये गेले. आणि या माणसाला सुईची भीती वाटायची! एकदाही सुई टोचताना त्यांनी हाताकडे बघितलं नाही म्हणे.

मी आरएच निगेटिव्ह आहे. मला ते इंजेक्शन दिलं होतं. ते काही त्यांच्या प्लाझ्माचं नसणार, माझ्यासाठी दुसरंच कुणीतरी खुर्चीत बसलं असेल. म्हणजे चार नाहीत, पाच.

पण साधासरळ यांच्या बाजूने मी हे लिहीत नाहीये. मी पुढे देते कारण मला मागे जायला रस्ताच नाही. तुझ्याकडे नंबर आहे.

मैलाचा_दगड
'पुढे की मागे' या वादात एक उदाहरण मला कायम आठवतं, कारण त्यात दोन्ही आहे. १८४७ साली आयर्लंडमध्ये भयंकर दुष्काळ होता. अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूलनिवासी लोकांनी आपापसात १७० डॉलर गोळा करून तिकडे पाठवले. त्यांची स्वतःची अवस्था काय होती, तर जेमतेम सोळा वर्षांपूर्वी त्यांना त्यांच्या जमिनीवरून हाकलायला सुरुवात झाली होती, त्या वाटेवर हजारो लोक मेले होते. ज्यांना त्यांनी बघितलेलंही नाही अशांसाठी पैसे काढले.

आयर्लंडने ते विसरू दिलं नाही. तिथल्या कॉर्क परगण्यात मिडल्टन गावी नऊ उंच पोलादी पिसांचं एक शिल्प आहे, वाडग्यासारखी गोलात उभी. २०१७ मध्ये त्याचं रीतसर लोकार्पण झालं तेव्हा चोक्टॉंचे प्रतिनिधी हजर होते. आणि मग २०२० मध्ये कोरोनात अमेरिकेतल्या नावाहो आणि होपी लोकांचे फार हाल झाले, त्यांच्यासाठी निधी उघडला तर त्यात आयरिश नावांची रीघ लागली. १७३ वर्षांनी. चोक्टॉंना नाही, दुसऱ्याच जमातींना. चोक्टॉंनी त्यावर आनंदच व्यक्त केला.

चौदा वर्षं म्हणजे उशीर नाही हो ताई.

बोरूबहाद्दर
थोडं अवांतर. हा धागा वाचताना 'उतराई' शब्द डोक्यात घोळतोय. आपण म्हणतो उपकारातून उतराई होणं. हिंदीत उतराई म्हणजे नावाड्याने पलीकडच्या तीराला सोडलं की त्याला द्यायचं भाडं. मला ते चित्र फार आवडतं. पण नावाड्याला भाडं तिथल्या तिथे देतात आणि तो परत फिरतो. इथे पानगळ पलीकडे उतरून चौदा वर्षं चालत गेलीय.

आणि 'मिंधा' शब्दाची चर्चा कुणी केली नाही. उपकार घेतला की माणूस मिंधा होतो ही भावना आपल्याकडे इतकी खोल आहे की कित्येक जण मदतच घेत नाहीत. माझे वडील पाय मोडलेला असताना जिन्यात बसून राहिले होते, शेजाऱ्याने हात दिला तर नको म्हणाले. नंतर म्हणाले, कुणाचं मिंधं कोण होणार. मला तेव्हा त्यांचा खूप राग आला होता. घेणं हेसुद्धा शिकावं लागतं.

तिरपाकडा
बोरूबहाद्दर, हे अवांतर नाहीच. गेओर्ग झिमेल हा जर्मन समाजशास्त्रज्ञ १९०८ मध्ये जवळपास हेच म्हणून गेलाय. पहिल्यांदा देणारा पूर्ण मोकळेपणाने देतो, त्याच्यावर कसलंच बंधन नसतं. परत करणारा कितीही मोठं करो, त्याच्यावर आधीच्याचं बंधन असतं. म्हणून पहिल्याची बरोबरी परतफेडीने होतच नाही. मला हे वाचून आधी निराश वाटलं होतं, मग हलकं वाटलं. बरोबरी होणारच नसेल तर किती द्यायचे हा प्रश्नच मिटला.

वाटसरू_एक
मला एक वेगळी बाजू सांगायचीय. मी 'पुढे देणारा' आहे आणि दर वेळी ते गोड होत नाही. मागच्या महिन्यात एक वयस्कर बाई जड पिशव्या घेऊन जिना चढत होत्या, मी म्हटलं द्या, धरतो. त्यांनी पिशव्या छातीशी धरल्या आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. बरोबरच आहे त्यांचं, मी कोण कुठला. पण तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. पानगळ, तुमच्या काकांनी आधी 'उतरल्यावर घ्यायला कोण येणार आहे' विचारलं आणि मावशीला फोन लावून दिला, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. एकट्या मुलीला अनोळखी पुरुषाची भीती वाटेल हे त्यांना कळत होतं. मदत करायचीसुद्धा रीत असते, ती या माणसाला माहीत होती.

पानगळ
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चौदा वर्षांत एकदाही नाही.

रेघोट्या
आणि ते थांबले हेच मुळात विरळा. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं, काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हाच. वाटेत एक माणूस दारापाशी वाकून खोकत, कण्हत बसवला होता. ज्यांना सांगितलं होतं वेळ आहे, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. थोडी घाई होती त्यातले ४५. उशीर झालाय, पळा, असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा तसा फरक पडला नाही. घाईने पडला.

तुमच्या काकांना त्या दिवशी घाई नसावी, हे नशीब.

खिडकीजवळची_सीट
फोन केलास का??

रातकिडा
धागा वर काढतोय. पानगळ कुठे आहेस?

पानगळ
केला. काल संध्याकाळी. हात थरथरत होता म्हणून वही टेबलावर ठेवून नंबर लावला.

नंबर तोच होता. मी नाव सांगितलं, ते अर्थातच त्यांना माहीत नव्हतं. मग स्टँडचं सांगितलं, पर्स चोरीला गेली होती ते. पलीकडे शांतता. मला वाटलं विसरले. मग म्हणाले, 'चौकशीच्या खिडकीपाशी? निळी ओढणी?' मला स्वतःला ओढणीचा रंग आठवत नव्हता.

मी जुनाजाणता काकांनी सांगितलं तसं केलं, पैशांचं न बोलता आधी पुढची गोष्ट सांगितली. पोचले, मावशी आली होती, नोकरी मिळाली नाही, वर्षभराने दुसरी मिळाली, आता काय करते. ते मधेमधे 'हां, हां, मग?' करत होते. मग उशिराबद्दल माफी मागितली आणि विचारलं की तुम्हाला इतक्या वर्षांनी ओढणीचा रंग कसा आठवतो.

तेव्हा त्यांनी सांगितलं. ते नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायचे, सुट्टीला घरी यायचे. त्या रात्री त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीचं शाळेत नाटक होतं, पहिल्यांदाच मोठी भूमिका. खोक्यात तिच्यासाठी आणलेली वस्तू होती. ते माझ्या खिडकीखाली उभे असताना त्यांची शेवटची बस पलीकडच्या फलाटावरून सुटली. सुटताना त्यांना दिसली. मी विचारलं, मग गेला का नाहीत? म्हणाले, 'तुमची सुटली नव्हती ना.'

पहाटे घरी पोचले. मुलीने तो खोका चार दिवस उघडला नाही. त्यांनी तिला सांगितलं की एक ताई अडचणीत होती. त्यावर ती जे म्हणाली ते त्यांनी हसत सांगितलं, पण मला ते ऐकून खुर्चीवर बसावं लागलं. म्हणाली होती, 'खरंच असती तर तिने नंतर फोन नसता का केला?'

ती आता तेवीस वर्षांची आहे. अजूनही घरात काही कार्यक्रम ठरला की थट्टेने म्हणते, बाबा येतीलच असं नाही.

शिंपला
अरे देवा.

रेघोट्या
मी माझं 'घाई नसावी' परत घेते. ते दहा टक्क्यांतले होते.

नीलमोहर
म्हणजे त्या दिवशी तुझ्यासाठी खरं मोल त्या छोट्या मुलीने दिलं. तिला न विचारता.

पानगळ
हेच, नीलमोहर. मी चौदा वर्षं तिकिटाच्या पैशांचा हिशोब करत होते, आणि देणं होतं दुसरीकडेच.

पैशांचं विचारलं तर म्हणाले, पाठवा हवे तर, नाही म्हणत नाही, तुम्हालाही बरं वाटेल. इतक्या साधेपणाने म्हणाले की माझा सगळा अपमानबिपमानाचा घोळ तिथेच संपला. जेवढे होते तेवढेच पाठवले, वर एकही नाही. मग थोडं थांबून म्हणाले, 'एक काम कराल का? तिला एक पत्र लिहाल? फोन नको, मीच कुणाला तरी करायला सांगितलाय असं वाटेल तिला. पत्रच लिहा.'

पत्ता तोच आहे, वहीतला. आता मदत करा, काय लिहू? तीन कागद फाडून झाले.

साधासरळ
आधी एक कबुली. मी फोन करू नका म्हटलं होतं. माझं ऐकलं असतं तर ती मुलगी आयुष्यभर तेच धरून बसली असती. यापुढे असा सल्ला देताना दहा वेळा विचार करेन. बाकी पत्रात काय लिहायचं ते मला नाही सांगता येणार, मनापासून शुभेच्छा.

जुनाजाणता
बेटा, थोडक्यात लिही. तारीख, जागा, काय घडलं. सजवू नकोस. खरं आहे ते सरळ लिहिलं की पुरे.

सावली
आजवर इथे एकदाही लिहिलं नाही, पण आज राहवत नाही. माझे बाबा डॉक्टर. माझ्या प्रत्येक कार्यक्रमात एक खुर्ची रिकामी असायची आणि लोक मला सांगायचे, 'अगं तुझे बाबा किती थोर, किती लोकांसाठी धावतात.' ते ऐकून मला त्या लोकांचा राग यायचा. म्हणून कृपा करून तिला 'तुझे बाबा किती महान आहेत' असं लिहू नका. ते तिला माहीत असेल, आणि तरी ते त्या रात्री आले नाहीत हेही खरंच आहे. तुमच्या माफीचंही ओझं नको. तिला एवढं कळू दे की ती ताई खरी होती, आणि फोन न करणं ही त्या ताईची चूक होती, बाबांची थाप नव्हती.

आणि मला कधीच कुणी विचारलं नाही ते विचारा. तिचं नाटक कसं झालं ते.

उंबरठा
सावली, तुमच्या या एका प्रतिसादासाठी हा धागा निघाला असं वाटतंय.

पानगळ
सावली, तुमचा प्रतिसाद कितीदा वाचला. चौथा कागद घेतला आणि लिहून झालं, एक पानच भरलं. वहीचं ते मागचं पानही सोबत ठेवलंय, तिच्या बाबांच्या अक्षरातलं. माझ्याकडे त्याचा फोटो आहे, तेवढा पुरे.

सुरुवात अशी केलीय: 'आपली ओळख नाही. त्या रात्रीच्या नाटकात तू काय झाली होतीस?'

उद्या सकाळी पोस्टात टाकतेय.